ओरेगॉन ट्रेल, बैलगाडीवाल्याच्या नजरेनं

गेल्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच आमच्याकडे डेन्व्हरला आले. आठवडाभर नातवंडांत रमले, मग घरात बसून कंटाळले. मॉल, म्युझियम, उंच इमारती यांत त्यांचं मन लागेना. त्यांनी बावीस हंगाम ऊसतोड केली. बीड जिल्ह्यातून दसरा झाला की गाडी जुंपायची आणि सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्याची वाट धरायची. पुढं बैल आणि गाड्या ट्रकमधून जाऊ लागल्या, पण सुरुवातीची कितीतरी वर्षं अख्खी टोळी गाड्या हाकत जायची, आठ-दहा दिवसांचा पल्ला. मी आणि माझी बहीण त्या गाडीत भांड्यांच्या पोत्यावर बसून गेलेलो आहोत. अशा माणसाला अमेरिकेत काय दाखवावं, याचा विचार करताना मला ओरेगॉन ट्रेल आठवला, एकोणिसाव्या शतकात माणसं गाड्या हाकत पश्चिमेकडं गेली ती वाट. आमच्या घरापासून तीन-साडेतीन तासांवर ती वाट जाते. चार दिवसांची सुट्टी काढली आणि आम्ही दोघंच निघालो. नेब्रास्काच्या टोकाला स्कॉट्सब्लफ, तिथून वायोमिंगमध्ये फोर्ट लॅरमी, गर्न्सी, कॅस्पर, इंडिपेंडन्स रॉक आणि शेवटी साउथ पास. जाऊन-येऊन हजारेक मैल.

गाडीत मी त्यांना सांगत होतो. मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्ससारख्या गावांतून निघायचं आणि ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यापर्यंत जायचं, अंतर सुमारे २,००० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर. १८४३ साली हजारभर माणसं एकदम निघाली आणि तिथून या वाटेला खरी वर्दळ सुरू झाली. कुणी ओरेगॉनला जमिनीसाठी, कुणी १८४९ नंतर कॅलिफोर्नियाला सोन्यासाठी, मॉर्मन पंथाचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात. तिन्ही मिळून तीन ते पाच लाख माणसं. प्रवासाला पाच-सहा महिने. १८६९ मध्ये रेल्वे या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत जोडली गेली आणि गाड्यांची ही वाट हळूहळू ओस पडली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “घोडे का बैल?”

बहुतेकांचे बैल, मी म्हटलं. घोड्याला दाणा लागतो, बैल वाटेतल्या गवतावर निभावतो. खेचरापेक्षा स्वस्त पडतो, चिखलात टिकतो. चाल तासाला दोन मैलांची, दिवसाला साधारण पंधरा मैल.

“आपलीबी तेवढीच,” अण्णा म्हणाले, आणि तिथून पुढं ते सावरून बसले.

स्कॉट्सब्लफला त्या काळच्या गाड्या उघड्यावर मांडून ठेवल्या आहेत आणि पुढं बैलांचे पूर्णाकृती पुतळे जुंपले आहेत. मागं तो प्रचंड कडा. लोक कड्याचे फोटो काढत होते. अण्णा थेट बैलांच्या मानेपाशी गेले. जुवाखाली वाकून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं. “ह्यांना वशिंड न्हाई. मग जू अडतं कशाला?”

हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. आपल्याकडं जू वशिंडापुढं बसतं आणि बैल वशिंडाच्या जोरावर ओढतो. शिवळा, म्हणजे जुवातल्या उभ्या खुंट्या, बाजूला असतात, गळ्याखालून जोतं बांधलेलं असतं, पण ते नुसतं जू निसटू नये म्हणून. इथल्या बैलांची पाठ सपाट. म्हणून यांच्या जुवात लाकूड वाफेवर वाकवून केलेली इंग्रजी यू अक्षरासारखी कमान असते. ती गळ्याखालून वर येऊन जुवात अडकवतात, आणि बैल खांदा त्या कमानीत टेकवून ओढतो. अण्णांनी ती कमान बोटांनी चाचपली, कड गोल आहे का ते पाहिलं. “घासून काढलीय. नाहीतर खांदा सोलला असता.” मग गाडीकडं वळले. पेटी दहा फूट लांब, चार फूट रुंद, वर ताडपत्रीसारखं तेल दिलेलं कापड. पुढची चाकं लहान, मागची मोठी. मागच्या आखाला वंगणाची बादली लटकवलेली असायची, डांबर आणि चरबी कालवून. हाकणाऱ्याला बसायला जागाच नाही. तो डाव्या बाजूनं पायी चालायचा आणि बायका-पोरंही चालायची, कारण गाडीत माणूस बसवला तर बैलावर भार. सिनेमात गाडीवर ऐसपैस बसलेली कुटुंबं पाहून माझा जो समज झाला होता, तो तिथं संपला. यातल्या बहुतेकांनी ओरेगॉन चालत गाठलं.

“आन् आत काय भरायचे?” पिठाची पोती, मी सांगितलं. त्या काळच्या एका मार्गदर्शकात माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड खारवलेलं डुकराचं मांस, १० पौंड कॉफी, २० पौंड साखर, १० पौंड मीठ न्यायला सांगितलं आहे. म्हणजे एका माणसामागं नव्वद किलो नुसतं पीठ. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर गाडी खाण्यानंच भरली. कपाटं, चुली, आजीची पेटी असलं जे हौसेनं घेतलं, ते बैल थकले की वाटेत टाकून द्यायचं.

“निघायचे कधी?” एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात. फार लवकर निघालं तर गवत उगवलेलं नसतं, बैल उपाशी. उशीर केला तर पलीकडच्या डोंगरात बर्फ. अण्णांनी मान हलवली, “वापसा बघून पेरल्यासारखं.” मी या वाटेबद्दल बरंच वाचलं आहे, पण त्या काळजीचं इतकं नेमकं वर्णन मला कुठं सापडलं नव्हतं.

स्कॉट्सब्लफ गावाच्या पूर्वेला, रेल्वेरुळाजवळ एक कबर आहे. तिथं जायचं मी आधीच ठरवलं होतं. रिबेका विंटर्स नावाची बाई, मॉर्मन, वय ५०. १५ ऑगस्ट १८५२ रोजी पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गेली. दगड मिळेना म्हणून सोबतच्या एका माणसानं गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तिच्यावर छिन्नीनं नाव आणि वय कोरलं, आणि ती धाव कमानीसारखी कबरीवर रोवली. या वाटेवर मेलेल्यांचा अंदाज वीस हजारांच्या घरात आहे, त्यातल्या अगदी थोड्यांच्या कबरी आज ओळखता येतात. ही ओळखता येते ती लोखंडामुळं. १८९९ मध्ये रेल्वेच्या मोजणीवाल्यांना ती धाव दिसली आणि त्यांनी रूळ थोडे सरकवून टाकले. १९९५ मध्ये कबर रुळापासून जरा दूर हलवली, इतकंच.

अण्णा त्या धावेसमोर बराच वेळ उभे होते. काळपट लोखंड, कडा झिजलेल्या, अक्षरं एका ओळीत नाहीत, छिन्नी कुठं खोल गेली आहे तर कुठं नुसती घासली आहे. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती, लोखंड वाचता येत होतं. “ही धाव चाकावरनं निघालेली असणार,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात लाकूड आटतं. आरं हलाया लागतात, धाव सैल पडते. आम्ही रात्री चाकं वढ्यात टाकून ठेवायचो.” हेच अगदी या वाटेवरही व्हायचं. इथली हवा इतकी कोरडी की पूर्वेकडच्या दमट हवेत बनवलेली चाकं इथं येऊन आकसायची. लोक रात्री चाकं नदीत भिजत घालायचे, धावेखाली लाकडी पाचरी ठोकायचे. मी वाचलेलं होतं, त्यांनी केलेलं होतं.

पटकी हा शब्दही त्यांचाच. त्यांच्या आईनं गावात पटकीची साथ पाहिली होती, मरीआईचा गाडा गावाबाहेर नेलेला पाहिला होता. प्लॅट नदीच्या काठानं १८४९ पासूनची तीन-चार वर्षं ही साथ फार भयंकर होती. १८५२ या एकाच वर्षात साठ-सत्तर हजार माणसं त्या एका काठानं गेली. मुक्कामाच्या त्याच त्या जागा, वाळूत खणलेले उथळ झरे, शेजारीच माणसांची आणि जनावरांची घाण. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी पुरला जायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुढं निघायची. मूलनिवासी लोकांच्या हल्ल्यांच्या गोष्टी फार रंगवून सांगितल्या जातात, पण १८४० ते १८६० या वीस वर्षांत त्यांच्या हातून मेलेले प्रवासी चारशेच्या आतच आहेत, आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूलनिवासी त्याहून जास्त. माणसं मेली ती पाण्यानं, चाकाखाली येऊन, नदी ओलांडताना, आणि स्वतःच्याच बंदुकीचा चाप चुकून ओढला जाऊन.

फोर्ट लॅरमीला अण्णांनी विचारलेला प्रश्न मला अजून सोडत नाही. “एवढी जनावरं घेऊन दुसऱ्याच्या मुलखातनं जायचे, त्यांना कुणी हाकलत न्हवतं? आमची बैलं कुणाच्या बांधाला लागली तर काठ्या घेऊन यायचे.”

ही जमीन लकोटा, शायेन, अरापाहो आणि इतर लोकांची. प्लॅटच्या काठचं गवत दरवर्षी हजारो बैल चरून जायचे, नदीकाठची झाडं जळणात जायची, बायसनचे कळप वाटेपासून दूर सरकायचे. १८५१ मध्ये याच भागात, हॉर्स क्रीकपाशी, तह झाला. वाट वापरू द्यायची, बदल्यात सरकारनं वर्षाला ५०,००० डॉलरचा माल पन्नास वर्षं द्यायचा. सिनेटनं पन्नासाची दहा वर्षं करून टाकली. पुढं तीनच वर्षांनी, १८५४ च्या ऑगस्टमध्ये, एका मॉर्मन प्रवाशाची पाय दुखावलेली गाय भटकत लकोटांच्या तळात गेली आणि तिथल्या एकानं ती मारून खाल्ली. मुखिया कॉन्करिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. पण ग्रॅटन नावाचा तरुण लेफ्टनंट एकोणतीस सैनिक आणि तोफा घेऊन माणूस पकडायला गेला. गोळीबार झाला, कॉन्करिंग बेअर जबर जखमी होऊन पुढं मेला, ग्रॅटन आणि त्याची तुकडी तिथंच कापली गेली. त्यानंतरची कितीतरी वर्षं या मैदानांवर लढाया चालू होत्या.

“एका गायीपायी,” अण्णा म्हणाले. आणि जरा थांबून, “गाय न्हाई रे. गवत.”

ते किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसून पाणी पीत होते. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. फलकांवर शौर्य, जिद्द, नवी भूमी असे शब्द जागोजागी होते. त्या माणसांची जिद्द मला मान्यच आहे. पण बांधावरून काठी खाल्लेल्या माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते त्या फलकांवर नव्हतं.

गर्न्सीच्या चाकोऱ्या मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाहीत. नदीकाठची जमीन दलदलीची, म्हणून प्रत्येक गाडीला एकाच उंचवट्यावरून जावं लागायचं. वाळूचा मऊसर खडक. त्यात चाकोरी काही ठिकाणी पाच फूट खोल गेली आहे. मी आत उभा राहिलो तर दोन्ही बाजूंचा खडक छातीपर्यंत आला. अण्णा हळूहळू आत उतरले, भिंतीवर तळवा टेकवत चालले. मग वाकून मधला भाग दाखवला. नुसती चाकांचीच घळ नव्हती, मधला खडकही घासलेला, बशीसारखा. “ही खुरं. आन् माणसांचे पाय.” खुरांना पत्री मारायचे का, हे त्यांनी लगेच विचारलं. मारायचे. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. बैल घोड्यासारखा तीन पायांवर उभा राहत नाही, त्यामुळं त्याला पाडावं किंवा बांधून टांगावं लागायचं. पत्री नसेल तर बायसनच्या कातड्याचा तुकडा पायाला बांधायचे. आपल्याकडंही नालबंद दोर टाकून बैल पाडतो, चारी पाय एकत्र बांधतो. आमच्या हौश्याला पत्री मारताना अण्णा त्याच्या डोक्यापाशी बसून कान चोळत राहायचे. तो विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही, पण त्या घळीतून वर यायला त्यांनी वेळ लावला.

कॅस्परला या वाटेची माहिती देणारं केंद्र आहे, तिथं पडद्यासमोर हलणाऱ्या गाडीत बसून नदी ओलांडण्याचा अनुभव देतात. अण्णा बसले, उतरले, काही बोलले नाहीत. बाहेरच्या माळावर मात्र वाळलेलं शेण दिसल्यावर थांबले. इथं झाड नाही, मग चूल कशावर पेटवायचे? रानगोवऱ्यांवर. बायसनचं वाळलेलं शेण ओच्यात गोळा करायचं काम बायका-पोरांकडं असायचं. सुरुवातीला किळस करणाऱ्या बायका आठवड्याभरात हातानं गोळा करू लागायच्या. आईला हे नक्की सांगायचं, असं अण्णांनी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी इंडिपेंडन्स रॉक. कासवाच्या पाठीसारखा एकटा ग्रॅनाइटचा खडक, प्रदक्षिणा मैलाच्या वर. चार जुलैपर्यंत इथं पोचलात तर तुम्ही वेळेवर आहात, असा हिशोब. खडकावर शेकडो नावं कोरलेली आहेत. वारा असा की अण्णांनी टोपी काढून खिशात ठेवली.

तिथून जवळच मार्टिन्स कोव्ह ही डोंगरातली खोबण आहे, आणि या प्रवासातला सगळ्यात कष्टाचा भाग आम्ही तिथं स्वतःच्या हातांनी केला. १८५६ ते १८६० या काळात सुमारे तीन हजार मॉर्मन लोकांनी बैलांशिवाय प्रवास केला, हातगाड्या ओढत. इंग्लंड-स्कँडिनेव्हियातले गरीब कामकरी लोक, बैलजोडी परवडत नव्हती. माणशी सतरा पौंड सामान, आठ किलोही नाही. मार्टिन्स कोव्हला भेट देणाऱ्यांना तशी हातगाडी ओढायला देतात. दोन चाकं, वर उथळ पेटी, पुढं चौकट. चौकटीच्या आत उभं राहून आडवा दांडा छातीनं-हातांनी रेटायचा.

मी आत शिरलो, अण्णा मागून ढकलत होते. पहिला अर्धा मैल सपाट, मजेत गेला. पुढं वाळू लागली आणि चाकं रुतली. दांडा पोटात टोचायला लागला, तळवे भाजले. मी जोर लावून हिसका देत होतो. अण्णा म्हणाले, “हिसका देऊ नगंस. बैल हिसका देत न्हाई. अंग टाक आन् चालत ऱ्हा.” मग त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः दांड्याशी उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचा माणूस. पाय किंचित फाकवले, मान खाली घातली, पूर्ण अंग पुढं झुकवलं आणि गाडी निघाली, एका लयीत. मी मागून ढकलत होतो आणि मला त्यांची नुसती पाठ दिसत होती. हीच पाठ मी गाडीत पोत्यावर बसून रोज बघायचो.

१८५६ ला मार्टिन आणि विली यांच्या दोन तुकड्या फार उशिरा निघाल्या. गाड्या ओल्या लाकडाच्या घाईघाईनं केलेल्या, त्या वाटेत मोडत होत्या. ऑक्टोबरच्या १९ तारखेला बर्फाचं वादळ आलं. दोन्ही तुकड्या मिळून साडेनऊशेच्या वर माणसं होती, त्यातली दोनशेहून अधिक मेली. मार्टिनची माणसं सॉल्ट लेकहून आलेल्या मदतीच्या गाड्यांसह याच खोबणीत काही दिवस आसऱ्याला थांबली. यातल्या कित्येकांचा प्रवासखर्च पंथाच्या एका निधीनं आधी भरलेला होता, तिकडं पोचल्यावर कमवून फेडायचा.

“म्हंजे उचलच की,” अण्णा म्हणाले.

उचलच. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून आगाऊ घेतात तीच. फरक आहेच, तिथं मुकादम नव्हता आणि फेडलेला पैसा पुढच्या गरिबाला आणायला वापरायचा होता. तरी आधी पैसे घेऊन मग रस्त्याला लागणाऱ्या माणसाला ‘आता मागं फिरू या’ म्हणता येत नाही, हे अण्णांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खोबणीच्या अलीकडं गाडी ठेवून आम्ही चालत आत गेलो. आत वारा एकदम थांबतो. अण्णांनी चपला काढल्या.

चौथ्या दिवशी साउथ पास. शेवटचे काही मैल खडीचा कच्चा रस्ता, त्यावर आमचं एक चाक पंक्चर झालं आणि ते बदलण्यात तास गेला. खिंड म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद वाट असं अण्णांच्या डोळ्यांपुढं होतं, मांजरसुंब्याच्या घाटासारखं काहीतरी. प्रत्यक्षात नुसता माळ. उंची ७,४१२ फूट, पण चढ जाणवतसुद्धा नाही. रॉकी पर्वताच्या रांगेत गाड्या नेता येतील अशी ही सोपी जागा सापडली म्हणून तर कुटुंबं जाऊ शकली. १८३६ मध्ये नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पाल्डिंग या दोघी मिशनरी बायका इथून गेल्या, तेव्हाच पूर्वेकडच्या लोकांना वाटलं की बायका-पोरं घेऊनही जाता येईल. त्यांच्या नावाचा दगड इथं आहे. शेजारी दुसरा दगड आहे, एझ्रा मीकर या म्हाताऱ्यानं १९०६ मध्ये लावलेला. तरुणपणी, १८५२ मध्ये, तो बैलगाडीनं ओरेगॉनला गेला होता. पंचाहत्तरीत पुन्हा बैल जुंपून उलट्या दिशेनं, पश्चिमेकडून पूर्वेकडं निघाला, लोक ही वाट विसरू नयेत म्हणून. ट्विस्ट आणि डेव्ह ही जोडी. ट्विस्ट नेब्रास्कात मेला, मग डॅन्डी नावाचा बैल घेतला. डेव्ह आणि डॅन्डी मेल्यावर त्यांची कातडी भरून ठेवली, ती अजून टाकोमाच्या संग्रहालयात आहेत.

अण्णांना मीकर आवडला. मग त्यांनी विचारलं, “तिकडं पोचल्यावर बैलांचं काय करायचे?” काहींनी नांगराला जुंपले, काहींनी विकले, कित्येक वाटेतच मेले. खारट पाणी पिऊन मरायचे, त्यावर घशात चरबी ओतायचा उपाय करायचे. अण्णा ऐकत होते. शेवटच्या हंगामानंतर पाखऱ्याला कुठल्या बाजारात आणि कितीला विकला, हे त्यांनी मला तिथं पहिल्यांदा सांगितलं. तो आकडा मी लिहीत नाही.

“आम्ही पाडव्याच्या आगंमागं घरी यायचो,” ते म्हणाले. “हे लोक निघाले ते निघालेच.” पश्चिमेकडं खाली हिरव्या ओल्या गवताचा पट्टा दिसत होता, पॅसिफिक स्प्रिंग्ज. तिथलं पाणी पॅसिफिककडं वाहतं. खिंड ओलांडली हे प्रवाशांना उतारावरून कळायचंच नाही, त्या झऱ्यामुळं कळायचं. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून तो पट्टा नीट पाहिला आणि म्हणाले, “मुक्काम तिथंच केला असता. बैलं सोडाया जागा चांगली हाय.”

रात्री लँडरच्या मोटेलमधून त्यांनी आईला फोन लावला. भारतात सकाळ झाली होती, मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. रानगोवऱ्यांचं सांगितलं, त्या बाईच्या धावेचं सांगितलं. मग अर्धा तास, हातानं हवेत कमान काढून दाखवत, इथल्या बैलांना वशिंड नसताना जू कसं बसवायचे ते समजावत राहिले. कॅमेरा बंद होता.